ज्यानं बांधलं, त्यानं बसायचं

रावीरी मला पहिल्यांदा दिसला तेव्हा त्याच्या बोटीतून गोटे गळत होते.

आमच्या वर्कशॉपच्या दारात त्याने गाडी उभी केली, मागच्या ट्रेलरवरची बोट जराशी कलली, आणि तिच्या पोटाखालच्या जाळीतून राकाया नदीचे करडे गोटे टप… टप… करत माझ्या नुकत्याच झाडलेल्या अंगणात पडले. वायव्येचा गरम वारा सुटला होता. त्या वाऱ्यात त्याचे केस चारी दिशांना उडत होते, आणि तो असा हसत होता की जणू ते गोटे त्याने माझ्यासाठीच निवडून आणले होते.

"मर्व आहेत का?"

"काका आत आहे. पाय प्लास्टरमध्ये. इंजिनांचं मी बघते. टिल्डा."

"मग बरंच झालं…"

"काय बरं झालं?"

"म्हणजे… पायाचं नाही," तो म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला.

तो नदीतल्या खडीच्या बेटांवर घरटी करणारे पक्षी मोजायचा. सरकारी काम. त्यातल्या एका पक्ष्याची चोच म्हणे उजवीकडे वाकडी असते, गोट्याखालचे किडे काढायला. जगात असा दुसरा पक्षी नाही, असं त्याने मला मोठ्या अभिमानाने सांगितलं. मी म्हटलं, आमच्या काकाचं नाक बघ. आतून काकाने पेकाटात लाथ घालायची धमकी दिली. प्लास्टरमुळे ती धमकीच राहिली.

बोटीचं काय झालं, ते मात्र रावीरीने घाईघाईत सांगितलं. भर प्रवाहात इंजिन अचानक बंद पडलं, बोट वाहत जाऊन खडीवर चढली, बस. हे सांगताना तो माझ्याकडे न बघता माझ्या हातातल्या पान्याकडे बघत होता. अंडी घालायचे दिवस तोंडावर आले होते, त्याला बोट लवकर हवी होती. मी हो म्हटलं, आणि म्हणताक्षणी ते परत घ्यावंसं वाटलं.

कारण आमच्या नदीवर एक रिवाज आहे. ज्यानं इंजिन बांधलं, त्यानं पहिल्या फेरीला शेजारी बसायचं. एखादा बोल्ट ढिला ठेवलात, तर तुम्हीही त्याच पाण्यात. आजवर आमच्या वर्कशॉपची इंजिनं काका आणि मी मिळून बांधायचो आणि पहिल्या फेरीला काका बसायचा. माझं कोणी विचारत नसे. का नाही, ते सगळ्यांना ठाऊक होतं.

माझे बाबा याच नदीवर गेले. बोट बंद पडली आणि वाहत काठच्या वाळुंजाच्या झाडांत शिरली. वाळुंजाच्या फांद्या पाण्यात लोंबलेल्या असतात. पाणी त्यांतून आरामात निघून जातं, माणूस अडकतो. तेव्हापासून मी नदीत घोट्याच्या वर पाय घातलेला नाही. इंजिनं बांधते, कारण हातांना ते येतं. आणि प्रत्येक इंजिनाचं झाकण लावताना मनात एकच विचार असतो, हे मध्येच थांबलं तर?

मी रावीरीचं इंजिन खोललं. गॅस्केट जळलेली, पिस्टनवर ओरखडे, सिलेंडरचं हेड तापून वाकलेलं. ते समजण्यासारखं होतं. पण मग नदीचं पाणी ओढून मागे फेकणारा पंप उघडला, आणि मी तिथेच स्टुलावर बसले. पंप गळ्यापर्यंत खडीने ठासून भरला होता.

इंजिन आधी बंद पडलं असतं, तर पंप फिरायचा थांबला असता. थांबलेला पंप गोटे ओढत नाही. म्हणजे बोट खडीवर बसली तेव्हा इंजिन व्यवस्थित चालू होतं. खडीने पंप तुंबला, थंड पाणी इंजिनापर्यंत जाईना, मग ते बिचारं तापून गेलं. बोट आधी बसली होती, कारण कुणीतरी रेस सोडली होती.

जेट बोटीला सुकाणू नसतं. मागे फेकलेलं पाणीच तिला वळवतं, आणि वेगात असली तर ती वीतभर पाण्यावरूनही निघून जाते. रेस सोडली की वळणं गेलं, तरंगणं गेलं. नदीकाठची पोरं चालायला लागतात तेव्हापासून हे ऐकतात. भीती वाटली की पाय दाब. आणि तरीही भीती वाटली की पाय आपोआप उचलला जातो. ही चूक आमच्याकडे कुणी कबूल करत नाही. सगळे म्हणतात, इंजिन बंद पडलं.

मी कुणाला काही बोलले नाही. काकालाही नाही.

रावीरी रोज संध्याकाळी यायला लागला. येताना काहीतरी आणायचा. एकदा तर नदीच्या मुखाशी पकडलेल्या इवल्या पांढऱ्या माशांची, अंड्यात घातलेली धिरडी, अजून गरम. माझे हात ग्रीसने काळे, म्हणून तो घास धरायचा आणि मी दाराकडे बघत तो खायचे. काका आतून खोकायचा. त्याला खोकला बिकला काही नव्हता.

इंजिन झालं होतं, खरं सांगायचं तर केव्हाच. पण मी "पुन्हा एकदा बघते" म्हणत राहिले. झाकण उघडलं, लावलं, परत उघडलं. एकेका बोल्टवरून इतक्या वेळा हात फिरवला की ते गुळगुळीत झाले असतील.

"टिल्डा, एक विचारू?" एका संध्याकाळी तो म्हणाला. "मी रोज यावं म्हणून उशीर करतेयस का? तसं असेल तर… माझी हरकत नाही."

एरवी मी टोला परतवला असता. पण मी हातातला पाना खाली ठेवला.

"पंपात खडी होती," मी म्हणाले. "ठासून."

त्याचा चेहरा उतरला. धिरड्याचा तुकडा त्याने परत डब्यात ठेवला.

"म्हणजे तुला कळलं होतं. पहिल्यापासून."

"हो."

"मी घाबरलो," तो म्हणाला. "समोर वाळुंजं होती. पाय उचलला गेला. आणि घरी येऊन सगळ्यांना सांगितलं की इंजिन… मी नदीवर वाढलोय ग. माझ्या आजोबांनी ऐकलं असतं तर पक्षी मोजायला पायी पाठवलं असतं."

मला वाटलं होतं की हे ऐकून माझी भीती वाढेल. वाढलीच. याच माणसाच्या शेजारी मला बसायचं होतं, आणि याचा पाय उचलला जातो. पण त्याच वेळी मी इतके दिवस एकटीने धरून ठेवलेलं काहीतरी सैल झालं.

"मी उशीर करतेय कारण इंजिन झालं की तू नदीवर जाणार," मी म्हणाले. "आणि मला शेजारी बसायचंय. या दोन्हींतली जास्त भीती कशाची, तेच कळत नाहीये."

तो हसला नाही. नुसता माझ्या काळ्या हातावर हात ठेवला, ग्रीससकट, आणि बराच वेळ ठेवला.

दुसऱ्याच दिवशी डोंगरात पाऊस कोसळला. आमच्याकडे ऊन आणि वारा, पण नदी करडी होऊन फुगली. ती उतरली तेव्हा सगळे प्रवाह बदललेले होते. कालची वाट आज खडी, कालची खडी आज वाट. मी काकाला म्हणाले, पुढच्या आठवड्यात जाऊ. काका म्हणाला, "पोरी, पाय माझा मोडलाय. तुझे धड आहेत." आणि काठावर खुर्ची टाकून, चहाचा थर्मास मांडीवर घेऊन बसला.

लाइफ जॅकेटचे पट्टे मी दोनदा उलटे लावले. रावीरीने ते लावून दिले. त्यालाही एक पट्टा दोनदा लावावा लागला.

"चालेल ना इंजिन?" त्याने विचारलं.

"चालेल. तू?"

"बघू."

बोट निघाली. सुरुवातीला मला फक्त इंजिन ऐकू येत होतं. प्रत्येक धडधडीमागे मी माझा एकेक बोल्ट आठवत होते. पाणी तोंडावर उडत होतं, बर्फाचं, दात वाजवणारं. मग हळूहळू काठ दिसायला लागले. एका बेटावरून पक्षी उडाले, आणि रावीरी ओरडून काहीतरी म्हणाला. चोचीचं असावं. मी हसले. नदीत, बोटीत बसून, मी हसले.

पुढे प्रवाहाला दोन फाटे फुटत होते. डावा रुंद आणि गुळगुळीत, म्हणजे उथळ. उजवा चिंचोळा आणि खळबळता, म्हणजे खोल. रावीरीने उजवा घेतला, बरोबरच होता तो. पण वळणापलीकडे पुराने नवी खडी आणून टाकली होती, आणि खडीच्या पुढे वाळुंजं होती. हिरवीगार, पाण्यात वाकलेली.

मी झाडांकडे बघितलं नाही. त्याच्या गुडघ्याकडे बघितलं. गुडघा वर येत होता.

बोटीचं नाक खाली बसलं. इंजिनाचा आवाज पडला. त्याने चाक फिरवलं, पण बोट ऐकेना. तशीच सरळ, मुकाट, झाडांकडे वाहू लागली. बाबांनाही असंच दिसलं असेल, एवढंच मनात आलं. आणि मग मी माझा बूट उचलला, तळाला लोखंड लावलेला वर्कशॉपचा बूट, आणि त्याच्या पायावर दाणकन ठेवून सगळा भार दिला.

रेस तळापर्यंत गेली. एक क्षण काहीच झालं नाही. त्या क्षणात मी माझं इंजिन सोडून जगातल्या कशाचाही विचार केला नाही. मग ते गरजलं. बोट उसळली, वळली, खडीवरच्या वीतभर पाण्यावरून खरवडत गेली, आणि एक फांदी माझ्या खांद्यावर थापटी मारून मागे पडली.

खोल डोहात आल्यावर वेग ओसरला. कड्याखाली पाणी निळं आणि स्थिर होतं. माझा बूट अजून त्याच्या पायावरच होता.

"बंद करू?" त्याने विचारलं.

नदीच्या मध्यावर इंजिन बंद. मला जगात ज्याची सगळ्यात जास्त भीती होती, तेच.

"कर," मी म्हणाले.

शांतता झाली. बोटीच्या पोटाखाली पाणी हळूच वाजत होतं.

"अजून भीती वाटतेय," तो म्हणाला.

"मलाही."

"पुढेही वाटेल. दर वेळी. टिल्डा, मला… दर वेळी तूच शेजारी हवी आहेस. बोटीतही आणि… एरवीही."

इतके दिवस मी तोंडाला तोंड देत आले होते. पण मी त्याच्या ओल्या गालावर माझा ओला गाल ठेवला आणि एवढंच म्हणाले, "मग बूट हलका घ्यावा लागेल मला."

चावी फिरवल्याबरोबर इंजिन लागलं. मी डोळे मिटलेच नाहीत.

काठाला लागलो तेव्हा रावीरी लंगडत उतरला. त्याच्या अंगठ्याचं नख काळंनिळं झालं होतं. काकाने त्याच्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या प्लास्टरकडे, मग माझ्या बुटांकडे, आणि थर्मासातला चहा तिघांत वाटला.

"इंजिन कसं आहे?" त्याने विचारलं.

"उत्तम," मी म्हणाले. "पण पुन्हा एकदा बघते."

"बघावंच लागेल," रावीरी गंभीरपणे म्हणाला. "सगळं खोलून. आणि मग, मर्व, रिवाज आहे ना… पहिल्या फेरीला हिलाच बसावं लागेल."

काका खोकला. या वेळी खोकला खरा होता, चहा घशात अडकला होता.