पुढची तारीख

आज संध्याकाळी स्टेशनबाहेरच्या स्टॉलवरून दोन कॅलेंडरं आणली. एक माझं, एक दिनानाथचं. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात कॅलेंडर मी आणायचं आणि चहा त्यानं पाजायचा, हा आमचा कितीतरी वर्षांचा शिरस्ता. आज चहा कपातच राहिला. घरी जायचं सोडून इथे सोसायटीच्या बाकावर येऊन बसलो, तर तुम्ही दोघं मोबाइलमध्ये डोकं घालून निळं पाणी बघताय. अंदमान. जानेवारीत. पाच दिवस, फक्त रिलॅक्स.

जा बाबांनो. लग्नाला महिना झालाय, तुम्ही नाही जायचं तर कुणी जायचं? शिवतेज, तुला पोहता येतं का रे? नाही? उत्तम. श्रुती, तुझा हिरवा चुडा अजून... बरं, असू दे.

"काका, असं अर्धवट बोलू नका हां. टेन्शन येतं," श्रुती म्हणाली.

मग पूर्ण सांगतो. साडेनऊच वाजतायत.

समोरच्या बी विंगमधला दिनानाथ तुम्हाला माहीत आहे. बेलापूरच्या एका सरकारी कचेरीत आम्ही चौतीस वर्षं शेजारशेजारच्या टेबलांवर बसलो. तिथल्या कामाची पद्धत आधी सांगायला हवी, कारण ही गोष्ट तिच्यावरच उभी आहे. टेबलाशी आलेल्या माणसाला नाही म्हणायचं नसतं. नाही म्हटलं की तो भांडतो. हो म्हटलं की काम करावं लागतं. म्हणून मधलं एक वाक्य असतं : "पुढच्या सोमवारी या, बघतो मी." माणूस समाधानानं जातो. पुढच्या सोमवारी येतो. पुन्हा तेच वाक्य. आम्ही सगळेच ते म्हणायचो, पण दिनानाथ इतक्या मायेनं म्हणायचा की लोक त्याला दिवाळीचा फराळ आणून द्यायचे. एक म्हातारा सात वर्षं येत होता. मग यायचा थांबला. दिनानाथ म्हणाला, "झालं असेल त्याचं काम."

तर यंदाच्याच जानेवारीत त्याच्या मुलानं आईवडिलांना अंदमानची तिकिटं काढून दिली. मुलगा कॅनडात. "थंडीत जरा उन्हात जाऊन पडा," म्हणाला. नवी मुंबईची थंडी ती काय, पंखा एक घर कमी करायची! पण तिकडे बर्फात राहून त्याला वाटतं, जानेवारीत सगळं जगच ऊन शोधत असतं.

संक्रांत झाल्यावर दुसऱ्या दिवशी निघाले. जयमालावहिनींनी तिळगुळाचा डबा आणि कुंकवाचा करंडा घेतला, दिनानाथनं छत्री. बेट लहानसं. नारळ, पांढरी वाळू, आरामखुर्च्या. दिनानाथनं रिलॅक्स होण्याचं काम मन लावून केलं. चिवडा ज्या वर्तमानपत्रात बांधून नेला होता, ते त्यानं चार दिवस पुरवून वाचलं, निविदांसकट. उरलेल्या वेळात तो मराठी माणूस शोधत होता. आपल्या लोकांचं हे एक असतंच. बंगाली भेटले, गुजराती भेटले, एक रशियन जोडपं भेटलं. मराठी कोणी भेटेना.

शेवटच्या संध्याकाळी भेटलं.

तारीख एकोणीस, सोमवार. तिकडे सव्वापाचलाच सूर्य बुडतो. रखवालदारानं शिट्टी वाजवून सगळ्यांना पाण्याबाहेर काढलं होतं. किनारा रिकामा. एका खुर्चीवर एक मुलगी बसलेली. साडी, कोपरापर्यंत हिरवा चुडा, केस ओले. वहिनी थांबल्या.

"नवीन लग्न वाटतं? एकटीच बसलीस?"

"हे पोहायला गेलेत, काकू. येतील एवढ्यात."

स्वच्छ मराठी. वहिनींना भरून आलं. शेजारच्या खुर्चीवर बसल्या, तिळगूळ दिला, करंडा काढून कुंकू लावलं. कपाळ गार होतं. फ्रिजमधून काढलेल्या पातेल्यासारखं गार. समुद्राचा वारा, वहिनी म्हणाल्या मनाशी.

तेवढ्यात दिनानाथ आला आणि तिच्या दुसऱ्या बाजूला बसला. मराठी ऐकून तो असा खूश झाला की कुठल्या तुम्ही, काय तुम्ही, काही विचारायच्या आधीच त्यानं स्वतःचा पत्ता सांगून टाकला. सोसायटी, विंग, मजला, पिनकोड. पाण्याकडे मात्र दोघांनीही पाहिलं नाही. पाण्यात कोणीच नव्हतं.

मुलगी पाण्याकडेच बघत होती. म्हणाली, "काका, हे नाही आले तर?"

दुसरा कोणी असता तर उठून रखवालदाराला हाक मारली असती. दिनानाथच्या तोंडून सवयीनं वाक्य आलं. "येतील हो. रविवारी रथसप्तमी, आमच्याकडे हळदीकुंकू आहे. जोडीनं या. तोवर नाहीच आले, तर बघतो मी."

"नक्की?"

"नक्की म्हणजे काय! स्वतः जाऊन घेऊन येतो त्यांना."

एरवी तो एवढं बोलत नसे. सुट्टीचा परिणाम. खुर्च्या उचलायला आलेल्या माणसाकडून त्यानं तिघांचा फोटो काढून घेतला आणि दोघं जेवायला गेले.

शिवतेज, आता हसतोयस ते ठीक आहे. हसून घे.

पंचवीस जानेवारी, रविवार. वहिनींकडे पंधरा बायका. वाण म्हणून चहाच्या गाळण्या. आमच्याकडे अशा सात झाल्यात, हवी असली तर एक घेऊन जा. बायकांत आमची हीसुद्धा होती. अत्तर झालं, तिळगूळ झाला, मग वहिनींचा मोबाइल हातोहात फिरायला लागला. नारळ, वाळू, छत्रीसकट दिनानाथ. शेवटच्या फोटोशी आमची ही थांबली.

"जयमाला, मधली खुर्ची गं कुणासाठी रिकामी ठेवलीत?"

वहिनींनी मोबाइल घेतला. दोघं दोन कडांना. दोघंही खुर्चीकडे वळून हसतायत. वहिनींचा हात त्या खुर्चीच्या पाठीवर... नाही, पाठीच्या जरा पुढे. हवेत. कुणाच्या खांद्यावर ठेवावा तसा.

वहिनींनी मोबाइल पालथा ठेवला. नऊपर्यंत सगळ्या बायका गेल्या.

पुढचं मला दिनानाथनं सांगितलं. वहिनी शेजारी बसून नुसती मान हलवत होत्या.

नऊ वाजून वीस मिनिटांनी इंटरकॉम वाजला. गेटवरून नामदेव.

"सायेब, एक बाई आल्यात. रथसप्तमीचं बोलावणं हाय म्हनत्यात. पार भिजल्यात ओ..."

वहिनी आतून ओरडल्या, "नाही म्हणा! अहो, नाही म्हणा त्याला!"

चौतीस वर्षांत दिनानाथनं कुणाला नाही म्हटलं नव्हतं.

"पाठव," म्हणाला.

लिफ्ट वर आली. दार उघडल्याचा आवाज. मग काहीच नाही. पावलं नाहीत. दोघं दिवाणखान्यात उभे. बेल वाजेल म्हणून वाट बघतायत. बेल वाजली नाही.

दाराच्या फटीतून पाणी आत आलं.

उंबऱ्यावरची रांगोळी भिजली. हळूहळू पसरली. वहिनी म्हणतात, खारा वास होता. दिनानाथनं दार उघडलं.

हिरवा चुडा. ओले केस. कपाळावर कुंकू. सहा दिवसांपूर्वीचं. तसंच, ओलं.

"काका, हे आले नाहीत."

...

"तुम्ही घेऊन येतो म्हणालात."

...

"चला. लिफ्ट थांबवून ठेवलीय."

दिनानाथ सांगतो, मी चप्पल घातली नाही. घातली गेली. एक पाय उंबऱ्याबाहेर. बाहेरच्या लाद्या पायाला लागेनात. लागली ती वाळू. पायाखालून सरकणारी. लाट मागे जाताना सरकते तशी.

वहिनींनी मागून त्याचा सदरा धरला. दोन्ही हातांनी. तो ओढ थांबवू शकत नव्हता. त्याही नाहीत. सदऱ्याची शिवण उसवली. दुसरा पाय उचलला गेला...

आणि तेव्हा त्याच्या तोंडून वाक्य आलं. त्याला सुचलं नाही. आपोआप आलं.

"पुढच्या रथसप्तमीला या. बघतो मी."

लिफ्टचं दार आपटत होतं. उघडत होतं. आपटत होतं.

"तारीख?" ती म्हणाली.

दिनानाथनं भिंतीकडे पाहिलं. भिंतीवरचं कॅलेंडर यंदाचं. त्यात पुढची रथसप्तमी कुठून असणार?

"कॅलेंडर आलं," तो म्हणाला, "की सांगतो."

ती बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. कचेरीतली माणसं बघायची तशी. खरं बोलतोय की नाही ते ओळखू न आल्यासारखी. मग वहिनींनी काय केलं असेल? तबक पुढे केलं. दारात आलेली सवाष्ण, रिकामी कशी पाठवायची! कुंकू लावलं. गाळणी दिली. तिनं घेतली. लिफ्टचं दार बंद झालं.

दुसऱ्या दिवशी मी नामदेवला विचारलं. म्हणाला, "आल्याल्या बघितल्या. जाताना न्हाई बघितल्या." महिनाअखेरीस तो गावी गेला, साताऱ्याकडे. आता गेटवर दुसरा आहे.

"काका... मग त्यांनी त्या बेटावर कोणाला फोन नाही केला? कोण होती ती, विचारलं नाही?" श्रुतीनं विचारलं. चुडा तिनं ओढणीखाली घेतला होता.

केला ना. मीच करायला लावला. तिथला माणूस म्हणाला, चौकशी करून सांगतो, पुढच्या आठवड्यात फोन करा.

दिनानाथनं मग एकच उपाय काढला. घरातलं कॅलेंडर उतरवलं. मोबाइलमध्ये पुढचं वर्ष बघत नाही, वहिनींनाही बघू देत नाही. दिवाळीत मला म्हणाला, "यंदा आणू नकोस. तारीख मला ठाऊक नाही, तोवर मी सांगायला बांधील नाही." चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यानं लढवलेला हा सगळ्यात चांगला मुद्दा. मी हसलो. मला वाटलं, म्हातारा झाला, समुद्राची हवा बाधली, बायकोच्याही डोक्यात भरवलंय.

म्हणून आज मुद्दाम आणलं.

साडेसातला गेलो. माझ्या हातातली गुंडाळी बघून तो उठून उभा राहिला. "घेऊन जा," म्हणाला. वहिनी चहाचे कप घेऊन दारातच थांबल्या. मी चेष्टेच्या मूडमध्ये. "अरे, कागद आहे तो," म्हटलं. त्यावरचं प्लॅस्टिक त्यांच्यासमोर फाडलं. भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याला अडकवलं. जानेवारीचं पान कोरं करकरीत. ते उलटलं. फेब्रुवारी. रथसप्तमी कधी ते शोधायला बोट फिरवत गेलो.

शोधावं लागलं नाही.

तेरा तारखेच्या, शनिवारच्या चौकटीवर कुंकवाचं एक बोट उमटलेलं होतं. आजूबाजूला एक थेंब नाही. वरचं पान स्वच्छ, खालचं पान स्वच्छ. छपाईतला डाग असेल म्हणून मी हात लावला.

दिनानाथ खाली बसला आणि चपला शोधायला लागला. वहिनींनी त्या आधीच कुठेतरी लपवल्या असाव्यात.

हे माझं बोट. इकडे दिव्याखाली बघा. त्यांच्याकडे साबणानं तीनदा धुतलं. दोन तास होऊन गेले.

अजून ओलंच आहे.