मुक्या पोपटाची तक्रार

औषधाच्या दुकानात तिच्या पुढे उभ्या असलेल्या माणसाने फोनवर काहीतरी टाइप केलं, बटण दाबलं... आणि बराच वेळ काहीच झालं नाही. दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला, तेव्हा कुठे फोन बोलला — "खोकल्याचं औषध, साखर नसलेलं."

ऐकायला कुणी नव्हतंच. माणसाने खांदे उडवले आणि मागे वळून तिच्याकडे बघून हसला. गळ्याभोवती मऊ रुमाल, आणि डोळे... भलतेच बोलके.

तिच्या काळजात लक्कन् हललं. फोनमधला तो आवाज तिने घडवला होता.

आईमागे आत्याने तिला वाढवलं. अर्धांगवायूचा झटका आल्यावर आत्याची वाचा गेली, तेव्हा नोकरी सांभाळून तिने 'बोलकी' लिहिली. आपण टाइप करायचं, बोलकी मोठ्याने म्हणून दाखवणार. ओपन सोर्स होती ती — कुणीही फुकट वापरावी, आतली घडण उघडून पाहावी, जमेल त्याने सुधारावी. सुधारायला मोजके आले, नावं ठेवायला मात्र पुष्कळ. ती प्रत्येकाला उत्तर द्यायची — 'कळवल्याबद्दल आभारी आहे.' सगळ्यांत तिखट लिहायचा तो 'मुका पोपट' नावाचा कुणीतरी. 'फुकट आहे म्हणून काहीही आमच्या गळ्यात बांधणार का?'

दुकानाबाहेरच्या बाकावर ते दोघं टेकले. त्याच्या औषधाचं तिनेच दुकानदाराला सांगितलं होतं.

"आधी काय करायचात?" तिने विचारलं.

बोटं चालली. मग ती ओळखीची शांतता.

"सामन्यांचं समालोचन. चेंडू जाळ्यात जायच्या आधी माझा शब्द पोचायचा. मग घशाचं ऑपरेशन झालं. आता माझा विनोद पोचेपर्यंत लोक चहा संपवून उठतात."

ती हसली.

"वा! वेळेवर हसणारं कुणीतरी भेटलं."

"मग बोलकीवाल्यांना कळवत का नाही?"

"कळवतो की. एक बाई आहे, तिला चांगलं झाडतो. पण बाई बर्फासारखी थंड. आभारी आहे म्हणते! मुका पोपट म्हणून शोधा, वाचा कधीतरी."

"वाचलंय." तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "ती बाई... मीच."

त्याने टाइप केलं. पुसलं. पुन्हा टाइप केलं, पुन्हा पुसलं. कानाच्या पाळ्या लालबुंद. शेवटी फोन म्हणाला —

"पळून जाऊ का?"

"औषध घेऊन पळा. पिशवी माझ्याकडे राहिलीये."

तो पळाला नाही. रविवारी घरीच आला, आणि मग दर रविवारी. बोलकी कुठे अडखळते ते तो दाखवायचा, ती दुरुस्त करत जायची. "पोपटराव आले," आत्याच्या टॅबलेटवरची बोलकी दारातच जाहीर करायची, आणि आत्या एका बाजूने वाकडं, गोड हसायची.

वेगवान बोलकी तयार झाली त्या दिवशी त्याने आत्याला एक विनोद सांगितला. आत्या खुदकन हसली — अगदी वेळेवर! त्याने पटकन खिडकीकडे तोंड फिरवलं. तो डोळे पुसतोय हे तिला पाठमोऱ्या खांद्यांवरूनही कळलं.

पण जुन्या फोनवर नवी बोलकी मुकी झाली. तक्रारींचा भडिमार सुरू झाला. त्यात एक होती — 'माझे वडील दवाखान्यात बटण दाबत राहिले. आवाज आला नाही. कुणाला बोलावता येईना म्हणून स्वतः खाटेवरून उतरले आणि पडले. तुम्ही आभारी असालच.' खाली फोन नंबर.

वाचून ती बसल्या जागी गार झाली. त्याने मात्र कीबोर्ड ओढला आणि दणादण सुरुवात केली — 'कुणी फुकट राबतं, त्याची ही किंमत...'

तिने त्याचा हात धरला. पहिल्यांदाच.

"नको."

"तुम्ही नाही पाडलंत त्यांना," त्याचा फोन म्हणाला.

"पण ते पडलेत. माझ्यासाठी भांडू नका... नुसते शेजारी बसा."

तिने नंबर लावला. पलीकडचा मुलगा ओरडत राहिला, ती ऐकत राहिली. तो दमला तेव्हा म्हणाली, "चूक माझी आहे. जुन्या फोनवर तपासायला हवं होतं. बाबा कसे आहेत?"

मुलाचा आवाज खाली आला.

"हाताला प्लास्टर आहे. पण घाबरलेत हो... त्यांना वाटलं, आता हीसुद्धा वाचा गेली."

"जुनी बोलकी आजच परत चालू होईल," एवढंच म्हणाली. फोन ठेवला तेव्हा तिचा एक हात अजून त्याच्याच हातात होता.

"तुमच्या फोनवर नवी राहू दे," ती म्हणाली. "तिथे ती चालतेय."

त्याने आपल्या नव्या फोनकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी तिने सगळ्यांसाठी माफी लिहिली. खाली पहिलंच उत्तर मुक्या पोपटाचं होतं. 'मी यांचा सगळ्यांत जुना टीकाकार. वेग मीच मागितला होता, तेव्हा दोष माझाही धरा. शिव्या जरूर द्या, पण कुठे अडतंय तेही सांगा.' त्याखाली लोक हळूहळू कामाचं बोलू लागले. प्लास्टरवाल्या आजोबांच्या मुलाने त्यांच्या फोनची सगळी माहिती पाठवली.

दुपारी तो आला तो हातात काच तडकलेला, जुनापुराणा फोन घेऊन.

"हे काय?"

लांबलचक शांतता. मग जुन्या बोलकीचा सपाट आवाज — "जुन्या फोनवर रोज वापरून बघणारा कुणीतरी हवाच ना."

"अहो, पण तुमचे विनोद?"

"शिळे झाले तरी तुम्ही हसता."

आत्याने टॅबलेट उचलली, दोघांकडे आळीपाळीने पाहिलं, आणि न बोलताच काठी टेकत आतल्या खोलीत गेली. दार लोटून घेतलं.

तिने संगणक बंद केला. मग खुर्ची वळवली.

"एक विचारू? तुम्ही इथे येता ते... बोलकीसाठीच?"

त्याने मान हलवली. नाही.

"मग?"

त्याचा हात फोनकडे गेला. तिने त्यावर आपला तळवा ठेवला.

"यावर नको. असंच सांगा."

तो गोंधळला. रुमालाशी चाळा करत राहिला. मग नजर वर करून त्याने ओठ हलवले — सावकाश, एकेक अक्षर. आवाज नव्हता, श्वासही नव्हता. तरी तिच्या डोळ्यांत पाणी तरारलं.

"कळलं," ती म्हणाली. "माझंही तेच आहे."

आणि जरा थांबून, हसत —

"पुन्हा सांगा ना."