वारा घेणारा

"उद्या तू झाडू," काका म्हणाले, "म्हणून एक नियम आजच सांगून ठेवतो. मागे कोण आहे हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कोपर हलवायचं नाही."

"सांगितलात ना? झालं तर मग. जाते झोपायला."

"बस."

"काका, पहाटे उठायचंय. तुमचा नियम एका वाक्याचा असतो आणि त्याचं कारण अर्ध्या रात्रीचं."

"असतं," म्हणत त्यांनी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं. त्यांचा मुलगा बाळ्या ट्यूबला ठिगळ लावत फरशीवर बसला होता. तो खुदकन हसला. काकांनी स्टूल ओढलं आणि मी मुकाट्याने टायरच्या ढिगावर बसले. वडीलधाऱ्यांपुढे तर्क चालत नाही, हे मी सुट्टीच्या पहिल्याच दिवशी शिकले होते.

आमचा रस्ता म्हणजे एक जुनी रेल्वे लाइन. रूळ कधीच उपटून नेले, खडी तेवढी राहिली. दुकानापासून निघायचं, आधी वाळवंट, मग डोंगर, आणि वर जुन्या स्टेशनात मुक्काम. तोंडाशी काँक्रीटचे खांब आहेत, त्यांच्यामधून सायकलचं हँडल कसंबसं जातं. मोटारीला मज्जाव. गट निघाला की एक जण पुढे आणि एक सगळ्यांच्या मागे. त्या मागच्याला आम्ही झाडू म्हणतो. झाडूच्या मागे कोणी उरायचं नाही, एवढंच त्याचं काम. आणि समोरून वारा सुटला की सगळ्यांनी एका ओळीत यायचं. पुढचा वारा छातीवर घेतो, बाकीचे त्याच्या पाठीआड. तो दमला की उजवं कोपर बाहेर हलवतो, आणि मागचा पुढे येतो. कायमचा वारा कोणी घेत नाही. प्रत्येकाचा नंबर येतो.

"माझा एक जोडीदार होता," काकांनी सुरुवात केली. "इतकी वर्षं मागे राहिला की लोक त्याला झाडूच म्हणायला लागले. त्याची गोष्ट. त्याने मला इथेच बसून सांगितली, या स्टुलावर."

"म्हणजे खरी," बाळ्या माझ्याकडे डोळा मारत म्हणाला.

"आठ वर्षांपूर्वी. नोव्हेंबरची तेरा तारीख, मंगळवार. चंद्र नव्हता. झाडूची मुलगी चौदा वर्षांची. त्या दिवशी सकाळी ती पहिल्यांदाच गटाबरोबर वर गेली होती. तिला दमा. संध्याकाळी आवरताना मला पान्यांच्या खणात तिचा औषध ओढायचा पंप सापडला. सकाळी पाना काढायला हात घातला असेल आणि पंप तिथेच ठेवून विसरली. त्या दिवशी झाडू गटाबरोबर नव्हता, इथे चाकाच्या तारा ओढत बसला होता. मी पंप त्याच्या हातात दिला. त्याचा चेहरा उतरला. पोरीला त्रास व्हायचा तो रात्रीच, थंडीत."

"फोन?" मी विचारलं.

"वर आजही लागत नाही. आणि गाडी नेऊ म्हणशील, तर खांब उपटशील, पुढे पुलांवर नुसत्या फळ्या आहेत. सायकलशिवाय गत नाही. मी म्हटलं, मीही येतो. तर म्हणतो, 'तू राहू दे. तुझं पोट आधी पोचेल, तू उद्या येशील.' हसलो आम्ही. साडेआठ वाजले होते. पंप छातीच्या खिशात टाकला, वर चेन ओढली आणि गेला."

काकांनी दिव्याखालून हात फिरवला, डास हाकलल्यासारखा.

"रात्री डोंगर गार पडतो आणि वारा खाली सुटतो, तुम्हाला माहीत आहे. वाळवंट निम्मं झालं तेव्हा तो तोंडावर आला. वाळू टोचत होती. दिव्यात चार हात पुढचं दिसेना. झाडू मान खाली घालून पॅडल मारत होता. तेव्हा त्याला मागून आवाज आला. टिकटिकटिकटिक."

"फ्रीव्हील," बाळ्या म्हणाला.

"फ्रीव्हील. पॅडल थांबवलं आणि सायकल नुसती घरंगळू दिली की वाजतं ते."

"त्याचंच वाजत असेल," मी म्हटलं. "आतले खटके अडकले असतील."

"त्यालाही तेच वाटलं. म्हणून त्याने पॅडल थांबवून पाहिलं." काकांनी एक बोट वर केलं. "त्याचं वाजायला लागलं. आता दोन आवाज येत होते."

बाळ्याच्या हातातलं ठिगळ तसंच राहिलं.

"त्याला वाटलं, मीच आलो मागून. ओरडला, 'आलास होय रे, पोटल्या!' उत्तर नाही. थांबला. मागची टिकटिक जवळ आली, अगदी मागच्या चाकापाशी आली, आणि थांबली. त्याने दिवा काढून मागे धरला. खडी. त्याच्या एकट्याच्या चाकाचा माग. बाकी काही नाही."

"मग परत यायचं ना!"

"पोरगी वर होती."

मी टायरवर पाय वर घेतले.

"निघाला. टिकटिकही निघाली. वाळवंट संपलं, चढ लागला. आता नीट ऐक. समोरून वारा आहे. चढ आहे. पॅडल थांबवलं तर सायकल जागीच उभी राहील, नाही तर मागे येईल. आणि मागून सारखी... टिकटिक. पॅडल न मारता कुणीतरी चढावर येत होतं. त्याच्याच वेगाने. तो हळू झाला की हळू. तो उभा राहून दामटायला लागला की तितक्याच जोरात."

बाहेर कुठेतरी पत्रा वाजला. आम्ही तिघांनीही शटरखालच्या फटीकडे पाहिलं.

"वारा," मी म्हटलं.

"वाराच," काका म्हणाले. त्यांचा आवाज खाली आला. "खिंडीत तर तो भिंतीसारखा होता. झाडूच्या मांड्या भरून आल्या. डोळ्यांपुढे एकच चित्र, पोरगी पलंगावर उठून बसली आहे, खांदे वर, ओठ निळे. जोर संपला. आणि अशा वेळी हाताला सवय असते ती हात करून जातो. वीस वर्षांची सवय. मागे टिकटिक ऐकू येत होती..."

काकांनी उजवं कोपर बाहेर काढलं. जरासंच. लगेच आत घेतलं.

"केल्यावर त्याला कळलं, आपण काय केलं. पण टिकटिक बाजूला सरकली होती. उजवीकडून आली. मांडीपाशी. मग कानापाशी. मग पुढे. आणि वारा... बंद."

"वारा पडला?"

"पडला नाही. खिंडीत घोंघावत होता. फक्त त्याला लागत नव्हता. दिव्याच्या उजेडात वाळू समोरून यायची, आणि चार हातांवर दोन्हीकडे फाकायची. मधे कुणी उभं असलं की फाकते ना, तशी. मधे कुणी नव्हतं."

मी बाळ्याकडे पाहिलं. तो हसत नव्हता.

"सायकल हलकी झाली. सुसाट निघाली. त्याला भीती वाटत होती, आणि लाज वाटेल इतका आनंदही झाला होता. लवकर पोचणार म्हणून. मग बोगदा आला. बोगद्यात वारा नाही. खडीचा आवाज, चेनचा आवाज. आणि पुढून श्वास."

"कसला?"

"शिट्टीसारखा. आत घेताना बारीक... सोडताना घरघर... मग बराच वेळ काहीच नाही. मग पुन्हा. तो आवाज त्याने चौदा वर्षं उशाशी बसून ऐकला होता. त्याच्या पोरीचा."

बाळ्याने ट्यूब बाजूला ठेवली.

"त्याने हाक मारली. 'चिमणे?' श्वास थांबला. 'चिमणे, तू आहेस?' काही नाही. नुसता अंधार. बोगद्यातून बाहेर पडला. पुन्हा वाळू, पुन्हा ती फाकलेली. आणि तेव्हा उजवीकडून वाऱ्याचा एक फटका आला. थांबला. पुन्हा एक फटका. जसं कुणी..."

"कोपर हलवलं," बाळ्या पुटपुटला.

"त्याचा नंबर आला होता. पुढे जायचं, म्हणजे ते पुन्हा मागे येणार. पाठीशी. तो जाईना. पुन्हा फटका. या वेळी जोरात. पुन्हा. दिवा विझला. अंधारात तो ओरडला. मला सांगताना त्याने ते वाक्य तीनदा सांगितलं, जसंच्या तसं. 'मला नको. माझ्यासाठी वारा नको घेऊस. पोरीसाठी घे.'"

काका दिव्याकडे पाहत राहिले.

"वारा थाडकन त्याच्या अंगावर आला. सायकलवरून खाली पडला तो. आणि टिकटिक वर गेली. दूर. त्याला सोडून. डोंगरावर एकटीच. मग ऐकू येईनाशी झाली."

"आणि ती?" मी विचारलं.

"हातात सायकल धरून धावत पोचला. स्टेशनात सगळे जागे. दार सताड उघडं, पोरीला हवा मिळावी म्हणून. स्वयंपाकाच्या बाई रडत होत्या. म्हणाल्या, 'आत्ता गेली होती हो ही. श्वासच नव्हता. आणि एकदम...' पोरगी बसून पाणी पीत होती. शांत. श्वास असा, तुझ्यामाझ्यासारखा. दारातून येणारा वारा सगळ्यांची पांघरुणं उडवत होता. त्याने पंप पुढे केला. ती म्हणाली, 'नको बाबा. आता बरं वाटतंय.' तो पंप तिने परत कधी हातात घेतला नाही. आठ वर्षं."

"मग चांगलंच झालं की," मी घाईने म्हटलं. "शेवट चांगला आहे."

"हो," काका म्हणाले. "झाडू परत सायकलवर बसला नाही. गोदामात वजनकाट्यावर असतो आता. जेवतानासुद्धा कोपर अंगाशी धरून बसतो. मी त्याला एकदाच विचारलं, नंबर कुणाचा राहिलाय रे? ताटावरून उठून गेला."

बाळ्याने सोल्युशनच्या ट्यूबचं झाकण लावलं. "बाबा, ती मुलगी... म्हणजे उद्या गटाच्या पुढे आहे ती ताई?"

काकांनी उठून आतला दिवा लावला. भिंतीशी उद्याच्या सायकली ओळीने उभ्या होत्या.

"रंग बघ," ते मला म्हणाले.

मी पाहिला. सगळ्यांचा पुढचा भाग खरवडलेला होता. हँडलखालची नळी, पुढचा काटा, दिव्याची कड, सगळीकडे उघडं लोखंड. या रस्त्यावर वाळू एका मोसमात रंग खाते. दर वर्षी काका आणि बाळ्या पुन्हा रंगवतात.

"शेवटची तिची. सहा मोसम ती गटाच्या पुढे आहे, पण सायकल नवी घेतली तेव्हापासून मी तिला ब्रश लावलेला नाही."

मी वाकले. निळा रंग काचेसारखा चकाकत होता. कारखान्यातून येतानाचा कागदी स्टिकर पुढच्या काट्यावर अजून चिकटलेला होता, त्याचा एक कोपराही सुटला नव्हता. मी त्यावरून बोट फिरवलं. कुठेही खरखर लागली नाही.