रिलीव्हर आला की निघतो

विश्वास ठेवा, असा आग्रह मी करणार नाही. पण यातलं एक अक्षरही माझ्या मनचं नाही.

यंदाच्या पोलीस स्मृतिदिनाची सकाळ. आठ वाजून दहा मिनिटं. पोलीस मुख्यालयाचं मैदान.

लख्ख ऊन होतं. अंधार असता, तर भास म्हणून सोडून दिलं असतं.

माझा दादा पोलीस शिपाई होता. तीन वर्षांपूर्वी नदीला पूर आला, तेव्हा कुणी पलीकडे जाऊ नये म्हणून त्याला पुलावर उभं केलं होतं. दुपारी चारला त्याची ड्युटी संपणार होती. सव्वाचारला त्याने आईला फोन केला.

"जेवण झाकून ठेव. रिलीव्हर आला की निघतो."

त्याला सोडवायला येणारा रिलीव्हर वाटेतल्या पाण्यात अडकला होता. दादाने जागा सोडली नाही.

साडेचारला पूल गेला. पुलाबरोबर दादा.

मुख्यालयात एक स्मृतिदालन आहे. ड्युटीवर गेलेल्यांचे बूट तिथे काचेच्या कपाटात ठेवतात. दादाच्या पायातले बूट नदीने परत दिलेच नाहीत. म्हणून आम्ही घरातले दिले. परेडसाठी घेतलेले, कोरे करकरीत.

एकदाही न घातलेले.

स्मृतिदिनाच्या आदल्या दिवशी घरच्यांनी येऊन त्या बुटांना पॉलिश करायचं, अशी तिथली रीत. पहिल्या वर्षी मी बूट उलटे केले, तर तळव्यांना चिखल... वाळलेला, बारीक, नदीकाठी असतो तसा.

दालनाच्या रखवालदाराला सगळे किल्लीकाका म्हणतात. मी त्यांच्यावरच घसरले.

"काका, कुणी घालून हिंडतं का हे?"

"मी हिंडतो की! आठ नंबरच्या बुटात माझा अकराचा पाय कोंबून. म्हणे पोलीस होणार, आणि पहिला आरोपी मी! अगं पोरी, किल्ली माझ्या गळ्यात असते. अंघोळीलासुद्धा काढत नाही."

दुसऱ्या वर्षी टाचा झिजलेल्या होत्या...

डावी जास्त. बाहेरच्या कडेने.

दादाची डावी टाच तशीच झिजायची. लहानपणी दाराशी नुसती चप्पल दिसली, तरी आई म्हणायची, आला माझा वाकडपाय्या.

या वेळी किल्लीकाका हसले नाहीत.

घरी येऊन आईला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. हातातली घडी अर्धीच राहिली.

"म्हणजे उभाच आहे अजून," ती म्हणाली. "पाय दुखत असतील गं त्याचे."

मग ती बाबांकडे वळली. बाबा निवृत्त हवालदार. स्मृतिदिनाला एकेक नाव पुकारतात आणि घरचं माणूस त्याच्या वतीने 'हजर' म्हणतं. आमच्याकडून बाबा म्हणायचे. मैदान दणाणायचं.

"तुम्हीच त्याला हजर म्हणता. मग त्याला सोडायचं कुणी?"

"मग काय, गैरहजर लावू? जागेवर मेलेल्या पोराला?"

"एकदा गप्प राहा. सारं आयुष्य माझ्यापुढे राहिलात ना, तसे."

बाबांनी वर्षभर दाद दिली नाही. यंदा कबूल झाले.

मैदानात बूट ओळीने मांडले होते. बिगूल वाजून थांबला. नावं सुरू झाली.

नाव. हजर. नाव. हजर.

मग दादाचं नाव.

बाबांनी माझा हात घट्ट धरला. आईने डोळे मिटले.

साहेबांनी पुन्हा पुकारलं...

झेंड्याची दोरी तेवढी खांबावर आपटत होती.

तिसऱ्यांदा पुकारलं...

दोरी थांबली.

"हजर..."

आमच्या रांगेतून नाही. समोरून. बुटांच्या ओळीतून. फार दमलेला आवाज. तोंडात पाणी भरल्यासारखा.

साहेबांनी मान वर न करता पुढचं नाव घेतलं. त्यांना वाटलं, आम्हीच.

दादाच्या बुटांखालची माती भिजत चालली होती...

आई ओरडली नाही. पुढे गेली, बुटांपाशी बसली. शाळेतून उशिरा आलेल्या लेकराला विचारावं तसं तिने विचारलं,

"रिलीव्हर आला नाही का रे अजून?"

त्याच दुपारी बाबांनी जुनी वर्दी चढवली. पोटावरची बटणं लागेनात. चारच्या ठोक्याला ते त्याच जागी बांधलेल्या नव्या पुलावर जाऊन उभे राहिले. मी दहा पावलं मागे होते.

"मी आलोय," ते रिकाम्या कठड्याला म्हणाले. "तू नीघ."

मला काही दिसलं नाही. फक्त बाबांचा हात सॅल्यूटला वर गेला. जसा समोरच्याच्या सॅल्यूटला उत्तर द्यायला जातो तसा. मग ते मान खाली घालून ऐकत राहिले... आणि हात हळूच खाली आला.

आई दारातच उभी होती. "सुटला?"

बाबा कितीतरी वेळ बुटाची नाडी सोडत बसले.

"म्हणाला, बाबा, तुम्ही रिटायर झालात. तुमच्या ताब्यात ड्युटी कशी देऊ?"

नियमाचा पक्का. त्यांनीच शिकवलेला.

 आईने माझ्याकडे पाहिलं. आणि लगेच नजर काढून घेतली.

कारण दादाच्या जागी नोकरी मला मिळाली आहे. ट्रेनिंग गेल्या महिन्यात संपलं. माझं नाव ड्युटीच्या यादीत आहे.

शनिवारी पहिल्या ड्युटीची चिठ्ठी आली. सोमवार, दुपारी चार. नवा पूल.

मी ती उशीखाली लपवली होती. काल पाहिलं, तर तिची घडी बदललेली. आईसारखी घडी आमच्या घरात कुणी घालत नाही.

आज सोमवार. तीन वाजलेत. वर्दी घालून हे लिहितेय. नदीला पाणी बेताचंच आहे, मघाशी बाबा पाहून आले.

स्वयंपाकघरात आईने एक ताट झाकून ठेवलंय.

एकच.

कुणासाठी, ते मी विचारलं नाही...