रमेनं गुंडाळलेली तार

ही गोष्ट मला कोणी सांगितलेली नाही. माझ्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत घडली. ज्याला खोटी वाटेल त्यानं पान उलटावं. माझं काही अडलेलं नाही.

मी अकोल्याची मैनाबाई. शाळेत फारशी गेले नाही. पण वकिलाचा संसार केला, आणि ते गेल्यावर एकटीनं चालवला. भुताखेतांना भिणारी बाई मी नव्हे.

दुसरी मोठी लढाई संपून वर्ष झालं होतं. मार्गशीर्ष महिना. दिवेलागणीची वेळ. मोर्णा नदी आमच्या परसदारापासून हाकेच्या अंतरावर.

त्या संध्याकाळी मी माझ्याच लेकीला माझ्या दारात अडवलं.

ती लेक तेव्हा जिवंत नव्हती.

माझा मुलगा उद्धव. त्याला गिटारीचं वेड. मांडीवर आडवी निजवायची आणि तारांवरून लोखंडी कांडी फिरवायची. सूर असा निघायचा की कोणी तरी तोंडात पदर कोंबून रडतंय.

मी म्हणायचे, "उद्धव, हे वाद्य आहे का सासुरवाशीण?"

हसायचा. पण त्याचं दुखणं वेगळंच होतं. तबला-पेटीपुढं गिटार ऐकूच जायची नाही. म्हणून आवाज मोठा करायचं यंत्र घरीच बनवायचं त्यानं मनावर घेतलं. अॅम्प्लिफायर म्हणायचा त्याला.

लढाईतला उरलेला माल नागपुरात विकायला आला होता. तिथून रेडिओत असतात तसे काचेचे व्हॉल्व्ह आणले, गवतात गुंडाळून, अंड्यांसारखे. एकेक व्हॉल्व्ह यंत्रात बसवायचा, नखानं हळूच टिचकी मारायचा, आणि स्पीकरला कान लावायचा.

"कुंभाराच्या दारात मी दुसरं काय करते?" मी म्हटलं.

"आई, मडकं वाजलं तर चांगलं. हा वाजला तर फेकायचा."

म्हणजे तिथं सगळं उलटंच.

सगळं जमलं, एक सोडून. व्हॉल्व्हमधला आवाज स्पीकरला पोचवायला तारेचं एक वेटोळं लागतं. ट्रान्सफॉर्मर. बाजारातले लहान पडत होते. हातानं गुंडाळायचं म्हटलं, तर तांब्याची तार केसासारखी बारीक. उद्धवच्या हातात सारखी तुटायची.

माझी रमा तेव्हा पहिल्या बाळंतपणाला अमरावतीहून माहेरी आली होती. चरख्यावर तिचा हात असा बसलेला की सूत कधी तुटायचं नाही.

"सरक तिकडं," ती भावाला म्हणाली. "तुले सूत काढता येत नाही, तार काय गुंडाळशील."

चरख्याच्या चातीवर लाकडाचं रीळ बसवलं. पोट एवढं पुढं आलेलं, तरी भिंतीला टेकून रोज दुपारी बसायची. तारेचा एक थर, मग मेणात बुडवलेला कागद. पुन्हा थर, पुन्हा कागद. उद्धव शेजारी बसून कागद कापायचा, आणि दोघं भांडत राहायची.

शेवटचा थर झाला तेव्हा वेटोळं त्याच्या हातावर ठेवलं नि म्हणाली, "घे. आता तुझी गिटार गावभर रडू दे."

त्याच आठवड्यात ती बाळंत झाली.

मुलगी झाली. मुलगी राहिली.

रमा गेली.

तिला न्यायच्या वेळी शेजारची गंगूबाई माझ्या कानाशी आली.

"बाई, बाळंतपणात गेलेली माय लेकरासाठी वापस येते. वाटेवर राळे टाकाले सांगा. एकएक दाणा येचल्याबिगर तिले घरी येता येत नाही. पायलीभर टाका."

राळे म्हणजे मोहरीएवढं बारीक धान्य. वेचायला बसलं तर जन्म जाईल.

मी म्हटलं, "माझी लेक माझ्या घरी येईल. तुले काहून भेव वाटते?"

"मले माहं भेव नाही, बाई. त्या लेकराचं आहे."

 पुतण्या देवीदास राळ्याचं मडकं घेऊन उभा होता. मी त्याच्या हातातून मडकं काढून घेतलं. त्याच्या ओंजळीत एक मूठ घातली.

"एवढेच टाक."

"काकू, एवढ्यानं काय होते?"

"बाळंतिणीची कंबर आहे, देवीदास. किती वाकेल ती?"

 तो नदीकाठच्या मसणापर्यंत तेवढेच टाकत गेला.

उद्धवनं पुढं बरेच दिवस यंत्राला हात लावला नाही. मग अमरावतीहून जावयाचा, कमलाकांतरावांचा, निरोप आला. तिथं गाण्याचा जलसा होता. रमेनं गुंडाळलेल्या तारेतून गिटार ऐकायची आहे, असं त्यांनी कळवलं होतं.

मग उद्धव बसला. रमेचं वेटोळं जोडलं.

दिवे लागले होते. मी शकुनला, रमेच्या लेकीला, मांडीवर घेऊन बसले होते. बटण दाबलं. व्हॉल्व्हच्या काचेत निखारे फुलल्यासारखे लाल झाले. गिटार अजून जोडलेली नव्हती. स्पीकरमधून नुसती घूं... घूं...

आणि मग...

टिक.

थांबलं.

टिक... टिक.

"कंडेन्सर गळून राहिला," उद्धव म्हणाला.

दुसऱ्या दिवशी कंडेन्सर बदलला.

टिक... टिक... टिक.

व्हॉल्व्ह बदलले. प्रत्येकाला टिचकी मारून पाहिलं. झाळलेले सगळे जोड उकलून नव्यानं केले. स्पीकर बदलला. आवाज जाईना. दुपारी यंत्र मुकाट असायचं. दिवेलागण झाली की सुरू व्हायचं.

एका संध्याकाळी तो पाणी प्यायला आत गेला. मी स्पीकरला कान लावला.

तो आवाज विजेचा नव्हता.

सुपात दाणा पडला की असा आवाज येतो. मी उभा जन्म धान्य निवडलं आहे. मला कोणी शिकवू नये.

टिक... टिक... मग जरा थांबणं.

आणि त्या थांबण्यात...

एक श्वास. वाकून काम करणारी बाई कमरेवर हात ठेवून सरळ होते, तेव्हा सोडते तसा.

मग पुन्हा टिक.

 मला भीती वाटली नाही. मला वाटलं, उठावं, कंदील घ्यावा, आणि तिच्या शेजारी बसून वेचू लागावं.

उद्धव यंत्र घेऊन अमरावतीला गेला नि परत आला, तो हसत आला.

"आई, तिथं एक टिक नाही. पाण्यासारखा स्वच्छ आवाज. कमलाकांतराव तर रडले."

त्याच संध्याकाळी इथं लावलं.

टिक.

त्याचं तोंड उतरलं. मला कारण ठाऊक होतं. ती अमरावतीच्या वाटेवर नव्हतीच. ती इथं होती, आमच्या नि नदीच्या मध्ये.

पण एक फरक पडला होता. दाणे आता लवकर लवकर पडत नव्हते. एक पडला की बराच वेळ शांत. शोधावं लागत असावं.

दाणे संपत आले होते.

आणि इकडं शकुननं दूध सोडलं.

गाईचं नको, शेळीचं नको. दुधात भिजवलेला कापसाचा बोळा तोंडाला लावला की मान फिरवायची. डॉक्टर येऊन गेले, औषध देऊन गेले. अंगावर सुरकुत्या पडल्या पोरीच्या. दिवसभर किरकिरायची. आणि दिवे लागले की गप्प व्हायची, परसदाराकडं तोंड करायची, आणि ओठ हलवायची.

दूध प्यायल्यासारखे ओठ.

समोर कोणी नसायचं.

गंगूबाईनं ते पाहिलं. ती माझ्याकडं पाहत राहिली. मी तिच्याकडं पाहिलं नाही.

उद्धव म्हणाला, "सगळं बदलून झालं, आई. आता रमेचं वेटोळंच राह्यलं. त्यातच कुठं तरी तार पिचकली असंन. उद्या काढतो."

"त्याले हात लावायचा नाही."

"पण काहून?"

"मी सांगते म्हणून."

 तो हळूच म्हणाला, "आई, तुले काय ऐकू येते?"

"तुले येते तेच."

त्यानं मान खाली घातली. त्यालाही कळलं होतं. कंडेन्सर बदलत होता तो नुसता हाताला चाळा म्हणून.

ती संध्याकाळ आली.

वारा नव्हता. उद्धवनं बटण दाबलं. शकुन पाळण्यात. मी पाळण्याची दोरी धरून.

टिक.

बराच वेळ काही नाही.

टिक.

मग नुसती घूं... घूं... आम्ही वाट पाहत राहिलो. पुढचा दाणा पडलाच नाही.

"थांबलं," उद्धव कुजबुजला.

मी ओळखलं. वेचून झालं. आता ती निघाली असेल.

नदीपासून घर ते किती लांब.

परसातली गाय उठून उभी राहिली. हंबरली नाही. नुसती बाजूला सरकली... कोणाला तरी वाट दिल्यासारखी.

दोरी माझ्या हातात होती. मी ओढली नव्हती. पाळणा हलला.

शकुननं दाराकडं तोंड केलं आणि दोन्ही हात वर उचलले. एवढ्याशा पोरीला हात उचलता येत नाहीत. तिनं उचलले.

 दारात माझी लेक होती. मांडीवर डोकं ठेवायला आली होती की पोरगी न्यायला आली होती, हे मला कोण सांगणार?

मी उठले. कोठीतून राळ्याचं मडकं आणलं. भरलेलं. परसदाराच्या उंबरठ्याशी उभी राहिले आणि अख्खं मडकं ओतलं. उंबऱ्यावर, पायरीवर, परसात.

"रमे," मी म्हटलं, "तू माझी आहेस. पण ही जिवंत आहे. हिले नेऊ नको."



मग स्पीकरमधून तो श्वास आला. लांब. दमलेला.

आणि मग...

टिक टिक टिक टिक टिक...

तव्यावर लाह्या फुटाव्यात तसे. थांबेचनात. ती वेचत होती. वाकून, न थांबता. उद्धव दोन्ही कान दाबून भिंतीशी बसला. रडत म्हणाला, "बंद करू दे, आई."

"नाही," मी म्हटलं. "तिनं एकटीनं वेचायचं, आणि आपण ऐकायचंही नाही?"

मी तिथंच बसले. पाळण्याला टेकून. डोळा कधी लागला ते कळलं नाही.

जाग आली तेव्हा उजाडलं होतं. व्हॉल्व्ह विझले होते. शकुन भुकेनं रडत होती. बोळा लावला, तर अर्धी वाटी दूध प्यायली.

मग मी परसदारी गेले.

परसात एक दाणा नव्हता. पायरीवर नव्हता. उंबऱ्याच्या बाहेर एक ढीग होता, नीट निवडलेला. दाणे एकीकडं. खडे दुसरीकडं.

उंबऱ्याच्या आत काही नव्हतं.

सगळे दाणे वेचून झाले होते. गंगूबाईच्या म्हणण्याप्रमाणं वाट मोकळी होती. तरी ती आत आली नाही.

उद्धव पुढं मुंबईला गेला. यंत्र इथंच ठेवून गेला. मी ते अधूनमधून दिवेलागणीला लावते. नुसती घूं होते. त्यापुढं एक टिक नाही, कधीच नाही.

शकुन आता शाळेत जाते. धडधाकट आहे. तोंडाची फटकळ आहे. आई नेईल या भीतीचं वय सरलं तिचं. म्हणून मी संध्याकाळी परसदार सताड उघडं ठेवते. लोक चोराचं भय घालतात. घालोत.

परवा शकुन म्हणाली, "आजी, दार काहून उघडं ठेवते? कोण येणार आहे?"

मी तिला दिवा लावायला सांगितलं.

त्या संध्याकाळी मी चुकले असं मी म्हणणार नाही. पोरगी डोळ्यांसमोर वाढतेय. पण नको म्हटल्यावर रमा पुन्हा पाऊल टाकायची नाही, एवढं मला कळायला हवं होतं. माझीच लेक ती. ही ताठ मान तिनं कोणाची घेतली, ते काय सांगायचं.

दार उघडं असतं. अंधार पडेपर्यंत मी तिथं बसते.

अजून कोणी आलेलं नाही.