अंगणात शिंकलेला वीर

मेलेला माणूस शिंकला, तेव्हा माझ्या हातातली मधाच्या दारूची घागर पडता पडता वाचली.

लढाईत मेलेल्या वीरांचा महाल म्हणजे वाल्हाला. त्याच्या अंगणात सकाळपासून वीर एकमेकांना कापत होते. संध्याकाळी सगळे पुन्हा जिवंत होणार, आत येऊन त्यांच्यासारख्याच रोज जिवंत होणाऱ्या कालच्याच डुकराचं मांस खाणार, आणि मी त्यांची प्यायची शिंगं भरत फिरणार. किती वर्षं झाली कोण जाणे. पायांचे नुसते तुकडे पडायचे.

“अहो, मेलात ना? मग नीट मरा की!”

“हळू बोल गं...” त्याने एकच डोळा उघडला. पापणीवर बर्फ साचलं होतं.

“सोंग करताना लाज नाही वाटत?”

“वाटते. पण भाला जास्त दुखतो.”

मी हसले. कितीतरी दिवसांनी.

त्याचं नाव स्कुली. रोज त्याच्यापाशी पाऊल रेंगाळायला लागलं. एकदा त्याने सांगूनच टाकलं—

“मी लढाईत मेलोच नाही, स्वाला. होड्या बांधायचो. तापाने अंथरुणात गेलो. तशांची जागा खाली, मेलेल्यांची राणी हेल हिच्या गावात. भावाला ते बघवेना. शेवटच्या घटकेला त्याने माझ्या छातीवर भाल्याचं टोक ओढलं. झालो वीर!”

“मग खरं सांगा की! खाली निदान झोप तरी मिळेल.”

“सांगणारच होतो. पण तेवढ्यात तू दिसलीस...”

पुढे इतरांनी त्याचं सोंग ओळखलं. रोज त्याला ओढत मधोमध न्यायचे, आणि तो खराखुरा मरायचा. संध्याकाळी तो शिंग पुढे करायचा, तेव्हा मी विचारायचे.

“अजून सांगितलं नाहीत?”

“तू इथे आहेस ना.”

मला रडू आलं. रागही आला.

दुसऱ्या दिवशी मी त्याला घेऊन गुन्वोरबाईंसमोर उभी राहिले. वीर निवडून आणायचं काम त्यांचं.

“बाई, हा तापाने मेलाय. ह्याला खाली पाठवा.”

स्कुली पांढराफटक पडला. “स्वाला... इतकी कंटाळलीस मला?”

“तुला कधीपासून ठाऊक होतं?” बाईंनी विचारलं.

“अख्खा हिवाळा.”

“आणि तरी ह्याला पाजत राहिलीस? अशा दासीला देवांच्या ह्या आसगार्डात जागा नाही, माहीत आहे ना?”

“माहीत आहे, बाई. म्हणून तर आले.”

बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. मग त्यांनी आम्हा दोघांनाही खाली जाणाऱ्या वाटेचं दार दाखवलं.

स्कुली तिथेच खिळला होता. मी त्याचा हात धरला.

“अरे, बघतोस काय? चल,” मी म्हणाले. “फार दमलेय रे मी... आणि माझं प्रेम आहे तुझ्यावर.”