अर्ध्यावर सोडलेला विनोद

लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्येच थांबली, दिवा गेला आणि मी अंधारात एकटी. तशी एकटेपणाची मला सवय होती. आई गेल्यापासून घरात शिरले की मी आधी रेडिओ लावायचे, मग दिवा. कुणीतरी बोलत असलं की घर घरासारखं वाटतं. पण त्या अंधारात माझा स्वतःचा श्वासही मला परका वाटायला लागला.

तेवढ्यात दारापलीकडून आवाज आला. "ताई, घाबरू नका! लिफ्ट रुसलीय फक्त, पडणार नाही. काढतो मी तिची समजूत."

"किती वेळ रुसणार आहे?"

"ते तिच्या मनावर. तुम्ही बोलत राहा, बायकांचा आवाज ऐकला की लवकर मानते."

हत्यारं खडखडत होती आणि तो बोलत होता. एका दमात, मध्ये कुठे न थांबता. विनोदामागून विनोद. दार उघडलं तेव्हा दिसले तेलाने काळे झालेले हात आणि हसरे डोळे. "सांभाळून, ताई," म्हणत त्याने हात पुढे केला… आणि काळा आहे हे ध्यानात येताच लाजून मागे घेतला.

तो मागे घेतलेला हात त्या रात्री माझ्या मनातून जाईना.

देवाच्या मनात काय असतं ते त्यालाच ठाऊक. काही महिन्यांनी तोच लिफ्टवाला आमच्या दवाखान्याच्या दारात उभा – दोन्ही काखांत कुबड्या! घोट्याचं हाड मोडलेलं, प्लास्टर नुकतंच काढलेलं. हाड जोडणारे डॉक्टर वेगळे. मी फिजिओथेरपिस्ट, जोडलेल्या हाडाला पुन्हा चालायला शिकवणारी.

"जगाला वर-खाली नेणारा माणूस स्वतः कसा पडला?" मी विचारलं.

"लिफ्ट बंद होती ना, मॅडम. शिडीने गेलो."

मला हसू आवरेना. "तेव्हा ताई होते, आज मॅडम?"

"ती घाईत झालेली चूक. मागे घेता येईल का?"

"दिलेलं नातं मागे घेत नसतात."

"मग आमचं कठीण आहे…" तो पुटपुटला. मी उगाचच खाली मान घालून त्याचा घोटा फिरवत राहिले.

तो वेळेच्या बराच आधी यायचा आणि खिडकीजवळच्या बाकावर बसायचा. एका खोलीत एकटा राहायचा. "घरच्या भिंतींना माझे सगळे विनोद पाठ झालेत," असं एकदा हसत म्हणाला. हसला, पण डोळे हसले नाहीत. एका एकट्याला दुसरा एकटा ओळखायला वेळ लागत नाही.

आमच्या शिकवणाऱ्या बाईंची एक शिस्त होती – दुखरा पाय एकटा बघायचा नाही, दुसऱ्या पायाच्या शेजारी ठेवून बघायचा. म्हणून व्यायामाआधी दोन्ही पायांवरून माझा हात फिरायचाच. त्या दिवशी बाहेर पाऊस भुरभुरत होता, आणि तो आल्या आल्या म्हणाला, "आज पाय नका बघू. थेट व्यायाम घ्या."

"का बरं?"

"नवीन विनोद आणलाय, वेळ पुरायचा नाही. एक म्हातारा लिफ्टमध्ये चढतो आणि म्हणतो…" तो थांबला. "म्हणतो की…" पुन्हा थांबला.

विनोद अर्ध्यावर सोडणारा माणूस नव्हता तो! त्याच्या बोलण्याची लय मला तोंडपाठ होती. कुठे दम घेतो, कुठे हसतो, सगळं. आज दोन शब्दांत त्याचा श्वास संपत होता.

मी विजार वर सरकवली. एक पोटरी नेहमीसारखी. दुसरी टम्म सुजलेली, ताणून चकाकणारी, हाताला गरम. हलकेच दाबताच त्याने ओठ चावला.

"कधीपासून?"

"परवापासून. चमक भरलीय… जरा चोळून द्या, जाईल."

मी हात काढून घेतला. "चोळायचं नाही. उठायचं नाही. श्वास घेताना छातीत टोचतं?"

"थोडंसं."

मी रुग्णवाहिका बोलावली. फोन ठेवून त्याच्याकडे वळले. "पायात रक्ताची गुठळी झाली असेल, आणि तिचा तुकडा फुप्फुसाकडे गेला असेल… अहो, यात जीव जातो! बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तुम्ही मोठ्या इस्पितळात पाठवलं असतं."

"मग? पाठवायला नको?"

"मग इथलं येणं बंद झालं असतं." तो खिडकीकडे बघत म्हणाला. "इथेच तर… कुणी माझं ऐकतं."

रागवायचं राहूनच गेलं. रुग्णवाहिकेत मी त्याचं मनगट धरून बसले.

"नाडीसाठी धरलंय… की?"

"बोलू नका. दम राखा."

"नाडीसाठी असलं तरी… सोडू नका."

इस्पितळाच्या दाराशी मात्र सोडावं लागलं. बाकावर बसले. येणारे-जाणारे सगळे कुणाचे ना कुणाचे होते. मी कुणाची? हात जोडले, पण देवाला काय सांगू – माझा कोण म्हणून वाचव? शेवटी एवढंच म्हटलं, "त्याचा विनोद पुरा व्हायचाय रे."

कितीतरी वेळाने डॉक्टर बाहेर आले. "गुठळीच होती. वेळेत आणलंत, औषध लागू पडतंय."

मागोमाग नर्सने डोकावलं. "जवळच्या एकाच माणसाला सोडते. बहीण का तुम्ही?"

मी बोलायच्या आत आतल्या पलंगावरून त्याने तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क वर उचलला. "ताई सोडून… काहीही म्हणा त्यांना!"

नर्स तोंडावर हात ठेवून हसत निघून गेली. मी पलंगाशी उभी राहिले.

"म्हातारा काय म्हणाला, सांगू?" त्याने विचारलं.

"आज नको. आणि हो, बरे झालात की तुमचा व्यायाम आमचे दुसरे सर घेतील."

त्याचा चेहरा उतरला. "रागावलात?"

"नाही. पेशंटला घरी बोलवायचं नसतं, असा माझा नियम आहे." मी त्याचं मनगट पुन्हा हातात घेतलं. "आणि तो विनोद मला माझ्या घरी ऐकायचाय… रेडिओ बंद ठेवून."